फौजेच्या पैशाला मत कोण देतं?

सरगूर हे म्हैसूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं, कपिला नदीच्या बाजूचं लहानसं तालुक्याचं गाव. पुढे बंदीपूर-नागरहोळेचं जंगल लागतं आणि त्यापलीकडे केरळ. एनसीसीच्या पोस्टिंगवर असताना कॅडेटांच्या एका कार्यक्रमासाठी इथे आलो होतो. कार्यक्रम आटोपल्यावर चहाच्या टपरीवर एक गृहस्थ समोर येऊन ताठ उभे राहिले आणि चक्क मराठीत म्हणाले, "राम राम साहेब." मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार. घरची भाषा कन्नड, पण बेळगावच्या सेंटरमध्ये आणि पलटणीत काढलेल्या वर्षांनी दिलेलं मराठी अजून जिभेवर होतं.

गप्पा पेन्शनवरून निवडणुकीवर गेल्या. सुभेदारसाहेब म्हणाले, "इलेक्शनला लोक येतात साहेब. रस्ता म्हणतात, पाणी म्हणतात, हत्तीचं कुंपण म्हणतात. फौजेचं कोणीच काय म्हणत नाही की. मग फौजेच्या पैशाला मत कोण देतं?"

मी काहीतरी उत्तर दिलं, पण त्याने माझंच समाधान झालं नाही. वर्दीतल्या माणसाने पक्षांवर लिहू नये, आणि मी लिहिणारही नाही. पण हा प्रश्न पक्षांचा नाहीच. मतपेटी आणि फौजेची तिजोरी यांच्यात वाट कधी होती, कधी नव्हती, आणि नव्हती तेव्हा त्याची किंमत कोणी मोजली, एवढंच या लेखात पाहायचं आहे. सुरुवात सरगूर ज्या संस्थानात होतं तिथूनच करतो.

म्हैसूरची खंडणी

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान मारला गेला. इंग्रजांनी राज्याचे वाटे केले. पेशव्यांनाही वाटा देऊ केला होता, पण सोबतच्या अटी मान्य नसल्याने पुण्याने तो घेतला नाही. उरलेल्या मुलखावर वोडेयर घराण्यातल्या लहान मुलाला गादीवर बसवलं आणि त्याच्याशी तैनाती फौजेचा तह केला. कंपनीची फौज म्हैसूरचं रक्षण करणार आणि त्यासाठी म्हैसूरने दरसाल सात लाख होन, म्हणजे साधारण साडेचोवीस लाख रुपये द्यायचे.

आजच्या भाषेत हे संरक्षणाचं अंदाजपत्रक झालं. फरक इतकाच की पैसे देणाऱ्याला फौज किती, कुठे, कशासाठी, हे विचारायची सोय नव्हती. उलट हप्त्याला धोका दिसला तर राज्यकारभार ताब्यात घेण्याचा हक्क कंपनीने तहातच लिहून घेतला होता. नगर भागातलं बंड आणि थकलेले हप्ते यांचं कारण पुढे करून १८३१ मध्ये तो वापरलाही. पुढची पन्नास वर्षं म्हैसूरवर इंग्रज कमिशनरांचा कारभार राहिला.

१८८१ मध्ये राज्य वोडेयरांना परत मिळालं. त्या वेळी खंडणीचा आकडा साडेचोवीसवरून पस्तीस लाखांवर नेण्यात आला. राज्याचा सगळा महसूल तेव्हा एक कोटीच्या आसपास होता आणि १८७६-७८ च्या दुष्काळाने रयत मोडली होती. म्हणून वाढीव रकमेची वसुली पुढे ढकलली गेली, ती थेट १८९६ पर्यंत.

त्याच १८८१ सालच्या दसऱ्याला म्हैसुरात आणखी एक गोष्ट घडली. दिवाण रंगाचार्लू यांनी प्रजाप्रतिनिधी सभा भरवली. प्रत्येक तालुक्यातून वजनदार शेतकरी, जिल्ह्यांतून व्यापारी, असे १४४ जण. देशी संस्थानांतली ही पहिली प्रातिनिधिक सभा. १८९१ पासून तिच्यासाठी निवडणूक सुरू झाली. मत अर्थातच मालमत्ता आणि शिक्षण असणाऱ्यांना. १९०७ मध्ये विधान परिषद आली, १९२३ मध्ये दोन्ही सभांना कायद्याचा आधार मिळाला. इतर संस्थानांच्या मानाने म्हैसूर खूप पुढे होतं, हे मान्यच करायला हवं.

पण या सभांच्या अधिकारांची यादी पाहिली की एक कुलूप दिसतं. राजघराणं, सार्वभौम सत्तेशी असलेले संबंध, तहाने ठरलेल्या बाबी आणि संस्थानचं सैन्य हे विषय त्यांच्या कक्षेबाहेर ठेवलेले होते. तालुक्याच्या प्रतिनिधीने तळ्याच्या दुरुस्तीबद्दल बोलावं, शाळेबद्दल बोलावं; पस्तीस लाखांवर मत द्यायचा हक्क त्याला नव्हता. १९२७ मध्ये साडेदहा लाखांची सूट मिळाली, तीही व्हाइसरॉय आयर्विन यांनी दिली म्हणून.

पुण्याचा प्राध्यापक आणि कलकत्त्याची तिजोरी

संस्थान सोडून ब्रिटिश हिंदुस्थानात यावं तर चित्र फार वेगळं नव्हतं. १८९२ च्या कायद्याने वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलायला परवानगी होती, मत द्यायला नव्हती. फर्ग्युसन कॉलेजात शिकवलेले गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये तिथे पोचले, तेही जनतेच्या मताने नव्हे, तर मुंबईच्या कायदेमंडळातल्या बिनसरकारी सभासदांनी निवडून दिल्यामुळे. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिलं भाषण केलं.

एनडीएत असताना रविवारच्या लिबर्टीला आम्ही फर्ग्युसन रस्त्यावर हिंडायचो. गोखले म्हणजे नेमस्त, मवाळ, एवढीच माझी समजूत होती. पुढे त्यांची भाषणं वाचली तेव्हा लक्षात आलं की फौजेच्या हिशेबात एवढं खोल शिरलेला मुलकी माणूस मी दुसरा पाहिला नाही. सरकारची शिल्लक ही सुबत्तेची खूण नसून जास्तीच्या करांची खूण आहे. साम्राज्याच्या गरजेसाठी ठेवलेल्या फौजेचा भार हिंदी रयतेवर का. किचनर यांच्या पुनर्रचनेचा खर्च कशासाठी. आणि ज्या फौजेचा पगार आम्ही देतो तिच्यात अधिकाऱ्याचा हुद्दा आम्हाला का नाही, असे प्रश्न ते वर्षानुवर्षं विचारत राहिले.

उपयोग किती झाला? मिठाचा कर १९०३, १९०५ आणि १९०७ असा टप्प्याटप्प्याने अडीच रुपयांवरून एक रुपयावर आला. लष्करी खर्चाच्या मूळ धोरणाला मात्र धक्का लागला नाही. १९०९ च्या सुधारणांनी अंदाजपत्रकावर ठराव मांडायची मुभा दिली, तेव्हा लष्कर हे शीर्षकच ठरावांच्या कक्षेतून वगळून टाकलं.

इथे एक गैरसमज दूर करतो. मतदाराचा अंकुश नसला की फौजेवर पैसा उधळला जातो, एवढाच निष्कर्ष यातून निघत नाही. मत नसलं की पैसा चुकीच्या जागी जातो आणि जिथे हवा तिथे जात नाही. हे मी पुस्तकातून शिकण्याआधी घरातून शिकलो.

पणजोबा आणि पणजी

आमच्या सातारच्या घरात पणजोबांचा फोटो नाही. होता फक्त एक कागद, तोही आता वाचता येत नाही. पहिल्या महायुद्धात ते पूना डिव्हिजनच्या एका मराठा पलटणीत होते. महिना ११ रुपये पगार. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला ते जखमी झाले, नदीमार्गे मागे पाठवले गेले आणि घरी आलेच नाहीत.

त्या मोहिमेत जखमींचं काय झालं, हे मेसोपोटेमिया कमिशनच्या १९१७ च्या अहवालात नोंदलेलं आहे. जखमींसाठी पुरेशा नावा नव्हत्या, डॉक्टर नव्हते. उघड्या तराफ्यांवर दिवसेंदिवस माणसं पडून होती. हिंदुस्थान सरकारची नको तिथली काटकसर हे त्याचं एक कारण असल्याचं कमिशनने स्पष्ट म्हटलं. गोखल्यांना जो खर्च डोईजड वाटत होता, त्याच खर्चाच्या यादीत जखमींची नाव बसली नव्हती.

या अहवालानंतर जुलै १९१७ मध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. ते बर्मिंगहॅमचे निवडून आलेले खासदार होते आणि पार्लमेंटला उत्तर देणं त्यांना भाग होतं. मेलेली माणसं सातारा-रत्नागिरीची, पैसा हिंदी तिजोरीचा, आणि जाब विचारला गेला तो लंडनच्या सभागृहात. मुंबईत किंवा दिल्लीत तो विचारण्याची सोयच नव्हती.

युद्ध संपल्यावर शिपायाला बक्षीस मिळालं ते मताचं. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई इलाख्यात निवृत्त किंवा पेन्शनर सैनिकाला मालमत्ता नसली तरी प्रांतिक निवडणुकीत मत मिळालं. मराठ्यांसाठी सात जागा राखीव झाल्या. मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ, जमीनदारांचे वेगळे, विद्यापीठाचे वेगळे, व्यापाऱ्यांचे वेगळे. १९३५ च्या कायद्याने पेन्शन घेणाऱ्या सैनिकाच्या विधवेला आणि आईलाही मताचा हक्क दिला.

त्या हक्काने आमच्या पणजीने १९३७ मध्ये मत दिलं. मुंबई प्रांतात तेव्हा एका मतदारसंघात अनेक जागा असत. जितक्या जागा तितकी मतं, आणि हवी तर सगळी एकाच उमेदवाराला देता येत. आजी सांगायची की पणजीने आपली सगळी मतं एकालाच दिली. कोणाला, ते तिने कधी सांगितलं नाही.

नवरा फौजेत मेला म्हणून तिला मत मिळालं. त्या मताने निवडून आलेल्या माणसाला मात्र फौजेबद्दल काहीच करता येणार नव्हतं. लष्कर प्रांताकडे नव्हतंच. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाला १९२० मध्ये साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानातून जेमतेम नऊ लाख मतदार होते, आणि तिथेही १९१९ च्या कायद्यानुसार संरक्षण खर्च मतास टाकला जात नसे. न. चिं. केळकरांसारखे सभासद त्या सभागृहात बसले, पण त्या रकमेवर हात वर करण्याचा अधिकार त्यांनाही नव्हता. १९२२-२३ मध्ये लष्करी खर्चाला मोठी कात्री सुचवली गेली, ती लॉर्ड इंचकेप या जहाज कंपनीच्या मालकाच्या समितीने. १९३५ च्या कायद्यानेही संरक्षण गव्हर्नर जनरलच्या राखीव खात्यात ठेवलं.

म्हणजे निवडणुकीची पद्धत भरपूर बारकाईने आखली होती. कोणाचं मत कुठे मोजायचं याचे नियम पानंच्या पानं होते. पण तिजोरीच्या त्या एका खोलीला एकाही मतदारसंघातून दार नव्हतं.

दार उघडलं

२६ जानेवारी १९५० ला हे बदललं. राज्यघटनेच्या ११२ व्या कलमात मतास न टाकता द्यायच्या खर्चाची यादी आहे. राष्ट्रपतींचं वेतन, न्यायाधीशांचे पगार, कर्जाचं व्याज वगैरे. संरक्षण खर्च त्या यादीत नाही. ११३ व्या कलमाप्रमाणे तो मागणी म्हणून लोकसभेपुढे येतो आणि लोकसभा तो नाकारूही शकते. सोबत प्रत्येक प्रौढाला मत, मालमत्तेची अट नाही. गोखल्यांनी जे मागितलं त्याहून हे कितीतरी जास्त होतं.

दार उघडलं म्हणून लोक आत गेले का? याचं मोठं उदाहरण मुंबईचंच आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये उत्तर मुंबईत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी उभे राहिले. कृपलानींनी संसदेत मेनन यांच्या कारभारावर सतत टीका केली होती. देशाच्या संरक्षणमंत्र्यालाच एका मतदारसंघात आव्हान, असा प्रसंग क्वचित येतो. मेनन मोठ्या फरकाने जिंकले. आठ महिन्यांनी चीनचं आक्रमण झालं. थंडीचे कपडे नाहीत, बूट नाहीत, जुन्या रायफली, अशा अवस्थेत आपली माणसं त्या उंचीवर उभी होती. नोव्हेंबरमध्ये स्वपक्षाच्याच खासदारांच्या रेट्यामुळे मेनन यांना जावं लागलं.

मला यात दोन गोष्टी दिसतात. खासदार निवडून आलेले होते म्हणून जाब दिल्लीतच विचारला गेला. १९१७ सारखी लंडनची वाट पाहावी लागली नाही. पण तो विचारला गेला माणसं मेल्यानंतर. मतदानाच्या दिवशी बुटांचा प्रश्न निकालाच्या आड आला नाही.

त्यानंतर महाराष्ट्रातून यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधून ते बिनविरोध निवडून आले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास असलेला संरक्षण खर्च चार टक्क्यांच्या जवळ गेला. सव्वाआठ लाखांची भूसेना आणि ४५ स्क्वाड्रनचं हवाई दल अशी १९६४ ते ६९ ची पंचवार्षिक संरक्षण योजना आली. देशाच्या इतिहासातली ही मोठी लष्करी वाढ करणारा मंत्री एकही मत न पडता सभागृहात आला होता. लोकांची संमती नव्हती असं नाही. होती म्हणूनच समोर कोणी उभं राहिलं नाही.

त्याच काळात मिग विमानांचा कारखाना नाशिकजवळ ओझरला आला, इंजिनं ओरिसात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक भाग हैदराबादला. या जागांमागे काय काय कारणं होती, ते मी ठरवणार नाही. पण एका मतदारसंघातून एकच खासदार निवडून द्यायचा असला की प्रत्येक खासदाराला आपल्या भागात दिसणारी गोष्ट हवी असते, हे अर्थशास्त्रज्ञही सांगतात. अमेरिकेत एकाच लढाऊ विमानाचे भाग चाळीसहून अधिक राज्यांत बनतात, ते निव्वळ तांत्रिक सोयीसाठी नव्हे.

मग पद्धत बदलली की खर्च बदलतो का? इस्रायल आणि नेदरलँड्स या दोन्ही देशांत पक्षाच्या मतांच्या प्रमाणात जागा मिळतात आणि सगळा देश म्हणजे एकच मतदारसंघ. इस्रायल संरक्षणावर उदंड खर्च करतो. नेदरलँड्सने शीतयुद्धानंतर अनेक वर्षं राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहून कमी केला. एकूण आकडा शेजारी कोण आहे यावर ठरतो. निवडणुकीची पद्धत ठरवते ते त्या आकड्यातलं कोणत्या प्रश्नाला वाली मिळेल, ते.

आपल्याकडे हे आजही दिसतं. २०२४-२५ च्या सुमारे ६.२२ लाख कोटींच्या संरक्षण अंदाजपत्रकात १.४१ लाख कोटी पेन्शनचे होते. माजी सैनिक देशभर विखुरलेले आहेत, जवळजवळ प्रत्येक मतदारसंघात आहेत. म्हणून समान हुद्दा समान पेन्शनचा प्रश्न २०१४ च्या निवडणुकीच्या तोंडावर मोठ्या पक्षांना घ्यावा लागला आणि २०१५ मध्ये त्याची अधिसूचना निघाली. तो हक्काचाच पैसा आहे. माझ्या पणजीची चूल अशाच पैशावर पेटत होती. पण दारूगोळ्याच्या साठ्याला मतदारसंघ नसतो. सीमेवरच्या बंकरला खासदार नसतो. आणि लोकसभेत कितीतरी वर्षी संरक्षणाच्या मागण्या चर्चेविना, गिलोटिन लावून, इतर मागण्यांबरोबर एकगठ्ठा मंजूर होतात. १९९३ पासून संसदेची स्थायी समिती हे आकडे तपासते, हाच काय तो आधार.

सरगूरला परत

निघण्याआधी सुभेदारसाहेबांना पुन्हा भेटलो. म्हटलं, "उत्तर सापडलं. तुम्हीच देता. तुमच्या खासदाराने हात वर केल्याशिवाय फौजेला एक रुपया मिळत नाही. तुमच्या आजोबांना हा हक्क नव्हता, माझ्या पणजीलाही नव्हता."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हात वर करतो खरं साहेब, पण काय विचारून करतो का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सेवेत आहे. माझी मतपत्रिका ऑनलाइन येते, ती छापून, खूण करून टपालाने साताऱ्याला जाते. सभेत उभं राहून प्रश्न विचारणं माझ्या नियमांत बसत नाही. सुभेदारसाहेबांच्या बसतं, आणि हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांच्याही बसतं. पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की रस्त्याबद्दल जरूर विचारा, पाण्याबद्दल विचारा. मग एवढंही विचारा की संरक्षणाच्या मागण्या सभागृहात येतील त्या दिवशी तुम्ही हजर असाल का, आणि त्या आधी वाचाल का.

सुभेदारसाहेबांनी ते विचारायचं कबूल केलं आहे. कन्नडमध्ये विचारतील, पण काय उत्तर मिळालं ते मला बेळगावी मराठीत कळवणार आहेत.